उजवीकडून उघडणारा समुद्र

प्रिय वन्सं,

डोळे वटारू नकोस. वन्सं म्हटलेलं तुला आवडत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. तू आधी माझी मैत्रीण होतीस, तुझा भाऊ तूच माझ्या गळ्यात बांधलास, आणि वर मलाच बजावलंस की आता मला वन्सं-बिन्सं म्हणायचं नाही. पण आज मला तू मैत्रीण म्हणूनही हवी आहेस आणि नणंद म्हणूनही, आणि त्यातली कुठली जास्त हवी आहे तेच कळत नाहीये. फोन करणार होते. लावलाही, आणि तू उचलायच्या आत ठेवून दिला. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. मध्येच आईंच्या गोळ्यांचं विचारतेस, मग तिला माझ्याकडे पाठव की कायमची, खोली नुसती रिकामी पडलीये म्हणतेस, आणि मी घाईघाईने हवापाण्यावर येते. म्हणून पत्र.

आधी मुद्द्याचं सांगून टाकते, नाहीतर घोळ घालत बसेन. मला एकाने लग्नाचं विचारलंय. हास, पोटभर हास. गुडघ्याला पट्टा, गळ्यात लटकणारा एक चष्मा, डोक्यावर विसरलेला दुसरा, आणि मला लग्नाचं विचारलंय! पुढच्या आठवड्यात तो इथे येतोय, आणि तेव्हा मी उत्तर द्यायचं असं ठरलंय. उत्तर माझ्याकडे नाही. म्हणजे सकाळी असतं, आणि दुपारी जेवायला बसेपर्यंत बदललेलं असतं.

तो कोण हे सांगायचं तर आमच्या प्रदर्शनापासून सुरुवात करायला हवी. यंदा संग्रहालयाच्या मोठ्या दालनात आशियाभरातली समुद्राची चित्रं लावलीत. संचालकबाईंच्या डोक्यातून निघालेली कल्पना. म्हणाल्या, देश वेगळे, भाषा वेगळ्या, पण पाणी एकच, तर ते पाणी दिसलं पाहिजे. बोलायला काय जातंय! मांडणी मला करायची. कुठलं चित्र कुठे, किती उंचीवर, काचपेटी केवढी, उजेड किती आणि खालच्या पाटीवर काय लिहायचं, हे सगळं माझ्या गळ्यात. त्यांनी फर्मावलं की सगळ्या चित्रांतलं क्षितिज एका रेषेत यायला हवं. मी दालनभर भिंतीवर निळा दोरा ताणला. मग एकेक पेटी उघडायला लागलो आणि माझी भंबेरी उडाली. अर्ध्या चित्रांत क्षितिजच नाही. जपानी ठशांच्या चित्रांमध्ये कुठे ते पार वर टेकलेलं, कुठे लाटेनेच खाऊन टाकलेलं. पोथीतल्या पानांवर समुद्र थेट वरून पाहिलेला, टोपली विणावी तसा रेघारेघांचा, आणि त्यात मासे रांगेत उभे. ज्याने ते काढलं त्याने जन्मात समुद्र पाहिला नसावा, कुणीतरी सांगितलं असेल तसा काढला. सुमात्रातल्या विणलेल्या एका कापडावर तर नुसतं जहाज. माणसं, पक्षी, जनावरं सगळी त्यावर चढलेली, आणि पाण्याचा म्हणावा असा टिपूस नाही. मी दोरा काढून टाकला. बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

पण खरं सांगू का, मला ते दालन आवडायला लागलं होतं. एक मोठी थाळी आहे, आतून निळ्या लाटा रंगवलेली. तिचा निळा रंग ज्या दगडातून काढला तो एका किनाऱ्यावरून गलबतातून गेला, थाळी दुसऱ्याच किनाऱ्यावर भाजली, आणि ती विकली गेली तिसरीकडे. तिच्यावर वाकून धूळ पुसताना माझ्या मनात यायचं, आपण मेली आयुष्यभर एका गल्लीत राहिलो. तुझा भाऊ होता तोवर त्याला तर प्रवासाचं नाव नको असायचं. सहलीला निघालो की अर्ध्या रस्त्यात त्याला गॅस बंद केला का ते आठवायचं. आठवतंय ना, आपण तिघं समुद्र बघायला निघालो होतो आणि त्याच्यापायी परत फिरलो? तू रस्ताभर त्याच्याशी भांडलीस, आणि मी मागच्या सीटवर हसत बसले होते. मला तेव्हा तो खूप आवडला होता. अजूनही ते आठवलं की आवडतो.

तर, दालनातली सगळ्यांत मोलाची वस्तू म्हणजे एक गुंडाळी. रेशमावर काढलेलं लांबच लांब चित्र. ते भिंतीवर टांगत नाहीत. टेबलावर ठेवून हातभर उलगडायचं, बघायचं, ते गुंडाळायचं आणि पुढचं हातभर उलगडायचं. उजेडाने रंग उडतो, म्हणून प्रदर्शनाच्या मध्यावर ती पुढे सरकवावी लागते. आणि हे सगळं करायला, आणायला, न्यायला, त्यांच्या संग्रहालयाचा माणूस सोबत येतो. तोच हा. आई त्याला गुंडाळीवाला म्हणतात, मीही तेच म्हणते, कारण त्याचं खरं नाव आईंच्या तोंडी बसत नाही. त्याची बायको फार पूर्वी वारली. जुन्या चित्रांना पाठीमागून खळीने नवा कागद चिकटवून जगवायचं, हे त्याचं काम. अंगाला कायम खळीचा वास येतो.

पेटी परदेशातून आली की लगेच उघडत नाहीत बरं का. इथली हवा तिला मानवायला हवी, म्हणून अख्खा दिवस तशीच ठेवायची, आणि सोबत आलेल्या माणसाने तिच्याजवळून हलायचं नाही. नेमकी त्याच दिवशी आईंना सांभाळणारी बाई आली नाही. करते काय? चाकाच्या खुर्चीत बसवून आईंना कामावर घेऊन गेले. एका बाजूला पेटी, तिच्याशेजारी स्टुलावर गुंडाळीवाला, समोर आई, आणि मध्ये मी, पाट्यांचा मजकूर तपासत. जरा वेळाने आईंनी पिशवीतून पत्ते काढले आणि टेबल म्हणून थेट पेटीवर पिसायला घेतले. बिचाऱ्याचा चेहरा पांढराफटक! मी धावत जाऊन दुसरं टेबल आणलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, पण पत्ते येतात. आई कशा खेळतात ते तुला सांगायला नको, लहानपणापासून तूच हरत आली आहेस. पण याने तिसऱ्याच डावाला त्यांचा हात पकडला, पदराखालून राजा काढला आणि टेबलावर ठेवला. मला वाटलं आता आई आकांडतांडव करणार. त्या इतक्या खूश झाल्या की विचारू नकोस. म्हणाल्या, एवढ्या वर्षांत मला पकडणारा हा पहिला निघाला, तुम्ही सगळे बावळट. संध्याकाळी पेटीच्या खोलीला कुलूप लागल्यावर त्याला हाताला धरून घरीच घेऊन आल्या. म्हणजे मी खुर्ची ढकलत होते आणि त्यांनी त्याचा हात धरला होता.

दुसऱ्या दिवशी गुंडाळी उघडली. पहिल्या हातभर भागात उजव्या टोकाला किनारा आणि त्यावर उभी एक बाई. मध्ये पाणी. पाण्यात नाव, दोन्ही टोकांनी सारखीच, आणि तिच्यात बाईकडे तोंड करून बसलेला पुरुष. डावीकडे मोकळा समुद्र. तो आपल्या देशी निघून गेल्यावर मी पाटी लिहिली, परतीची नाव. संचालकबाईंना ती इतकी आवडली की शहरभर लावायच्या पोस्टरवर तेच चित्र आणि तेच शब्द. लोक त्या काचपेटीसमोर थांबायचे. ज्यांची माणसं लांब गेली आहेत असे तर जास्तच. एक आजोबा दर रविवारी यायचे. मी स्वतः सकाळी दालन उघडलं की आधी तिथे जायचे. त्या बाईचा माणूस घरी येतोय, म्हणून मला बरं वाटायचं.

मध्यावर गुंडाळीवाला परत आला. त्याच्या अहवालासाठी त्याने विचारलं, पाटीवर काय लिहिलंय. आम्ही दोघं एका तिसऱ्याच भाषेत बोलतो, मोडकीतोडकी, दोघांचीही नसलेली. मी अर्थ सांगितला. तो हसायला लागला, इतका की स्टुलावर बसावं लागलं. म्हणाला, तो येत नाहीये, जातोय. मी म्हटलं, कशावरून? तर म्हणाला, आमची गुंडाळी उजवीकडून उघडते. आधी किनारा दिसतो, मग बाई, मग नाव, आणि पुढे सगळं पाणीच पाणी. तू डावीकडून वाचलंस. मला तोंडात मारल्यासारखं झालं. एवढी वर्षं या कामात काढली, शेजारच्या इराणी पोथीचं पान उजवीकडून वाचतात म्हणून लोकांना त्या भिंतीशी उलटं फिरवते, आणि या चित्राला मी आपल्या वहीसारखं वाचून मोकळी! संचालकबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, पोस्टर लागलेत, आता नाव कुठेही जाऊ दे. गुंडाळीवाला मात्र ऐकेना. चूक म्हणजे चूक, म्हणाला, आणि नवी पाटी होईपर्यंत माझ्या टेबलाजवळ ठाण मांडून बसला. मला रडू येत होतं, आणि ते पाटीसाठी होतं का आणखी कशासाठी, तेच कळत नव्हतं. आजोबांना काय सांगू हाही एक घोर.

मग गुंडाळी पुढे सरकवायला घेतली. त्याला चार हात लागतात. एकाने एका बाजूने गुंडाळत जायचं, दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने सोडत जायचं, दोघांनी एका चालीने. हात सोडायचा नाही, शिंकायचं नाही. किनारा गेला, बाई गेली, नाव गेली, आणि नुसत्या पाण्याच्या रेघा यायला लागल्या. मी विचारलं, शेवटी काय आहे? म्हणाला, दुसरा किनारा, घर, बांधलेली नाव. आणि त्याच दमात म्हणाला, माझ्याशी लग्न करशील का? वन्सं, माझ्या दोन्ही हातांत कित्येक शतकांचं रेशीम! हात सोडता येईना, पळता येईना, धड कपाळाला हात मारता येईना. मी म्हटलं, आधी गुंडाळीची नाडी तर बांधू दे. त्याने शांतपणे नाडी बांधली, काच लावली, आणि म्हणाला, घाई नाही, गुंडाळी न्यायला येईन तेव्हा सांग. मी जाऊन नळाखाली हात धरले. हात स्वच्छच होते.

तेव्हापासून डोक्याचा नुसता भुगा झालाय. मला तो आवडतो का? आवडतो. त्याच्यासमोर मी पोट आत ओढून बसते, यावरून काय ते समज. तो इथे येऊन राहू शकत नाही. विचारलं मी. घरामागे त्याची कामाची खोली आहे, तिथे खळीचे रांजण आहेत, वर्षानुवर्षं मुरवलेल्या खळीचे. ते हलवले की खळ बिघडते, आणि ती नसेल तर जुनी चित्रं जगत नाहीत. शिवाय हाताखाली शिकणारी माणसं आहेत. म्हणजे जायचं तर मी. आता नोकरी संपत आलीये, तिचं काही नाही. भाषा शिकेन. लोक काय म्हणतील याचीही फारशी फिकीर नाही, शेजारणीला तर बोलायला विषय हवाच असतो. तुझ्या भावाचं म्हणशील, तर मी त्याच्या फोटोसमोर उभी राहून पाहिलं, मनात अपराधी वाटतंय का ते. नाही वाटलं. मग अपराधी का वाटत नाही म्हणून घाबरले. मग वाटलं, तो असता तर म्हणाला असता, बाई गं, जाशील तिथे गॅस बंद करत जा. मी हसले आणि मग बराच वेळ रडले.

एकदा वाटतं, हो म्हणून टाकावं. लगेच वाटतं, वेड लागलंय का मला, ही काय वयं आहेत. बाजारात भाजी घेताना ठरवते की नाही, आणि घरी येऊन बघते तर त्याच्या भाषेतले आकडे पुटपुटत अख्खी गल्ली चालून आलेली असते. ऑफिसात परवा मी एका लाटेचं चित्र उलटं टांगलं. खालचं वर! चौकीदाराने दाखवलं तेव्हा कळलं. संचालकबाई म्हणाल्या, तुम्हाला सुट्टीची गरज आहे. त्यांना काय ठाऊक मला कशाची गरज आहे, मलाच ठाऊक नाही.

आणि आई. तुझा भाऊ गेला तेव्हा तू त्यांना न्यायला आली होतीस. त्यांची बॅग तू भरलीस, त्यांनी ती रिकामी केली, तू पुन्हा भरलीस. शेवटी त्या म्हणाल्या, हिला एकटीला झोप लागायची नाही. झोप त्यांना लागत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. तेव्हापासून आम्ही दोघी एका घरात. भांडतो किती म्हणून सांगू! टीव्हीच्या आवाजावरून, माझ्या मीठ विसरण्यावरून, त्यांच्या पत्त्यांतल्या लबाडीवरून. मी उशिरा आले तर त्या जेवत नाहीत आणि वर म्हणतात, भूकच नव्हती. गुंडाळीवाल्याने विचारलं तेव्हापासून मी त्यांच्याकडे नीट बघूच शकत नव्हते. सगळ्या बाजूंनी विचार केला तर सोपं उत्तर एकच होतं. तुझ्याकडे लिफ्ट आहे, रिकामी खोली आहे, त्यांची पोटची मुलगी आहेस तू. त्याही खुशीत राहतील, मीही मोकळी. गुंडाळीवालाही तेच धरून चाललाय. कुणालाही विचार, हेच सांगेल. त्यांना हे सांगायचं कसं, याची मी आरशासमोर उभी राहून तयारी केली.

परवा दुपारी सांगितलं. त्या पत्ते लावत होत्या. मी लग्नाचं सांगितलं, तिकडे जावं लागेल हे सांगितलं, आणि तुझ्याकडच्या खोलीचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी विचारलं, त्याच्या घराला जिना आहे का? मला कळेचना. त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी मोठ्याने, जणू बहिरी मीच आहे. जिना असेल तर माझ्या गुडघ्यांना जमायचं नाही, खालची खोली बघायला सांग त्याला. आणि पुढचा पत्ता टाकला. आपण येणार का, येऊ का, हा प्रश्नच त्यांना पडला नव्हता. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले. मग डॉक्टरांना विचारून आले, विमानाला हरकत नाही म्हणाले. गुंडाळीवाल्याला मी आईंचं अजून काही बोललेले नाही, कारण आधी तुला विचारायला हवं. मला लग्नासाठी तुझी परवानगी नको, तेवढी मी मोठी झाले आहे. मी तुझी आई मागते आहे. तिला रक्ताचं असं तूच एक माणूस उरली आहेस आणि तुलाही ती एकच, मध्ये एवढा समुद्र पडेल, या वयात तुम्ही पुन्हा किती वेळा भेटाल हे मला सांगता येत नाही, आणि तरीही मागते आहे. तू नाही म्हणालीस तर मी त्याला नाही म्हणेन. ही धमकी समजू नकोस गं. तिला तुझ्या दारात सोडून मला पुढे जाता येणार नाही, एवढं एकच या सगळ्या गोंधळात मला नक्की कळलंय. देशील का तिला?

तुझीच,
वहिनी
(लग्न झालं तरी हेच लिहीन. चालेल ना?)